इंजिन गरम असताना सेल्फ फक्त ‘टक्’ करतो: मोटर बदलण्याआधी नेमकं काय मोजायचं?

नवशिका_पाना (धागालेखक)

जाणकारांची मदत हवी आहे. पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, मॅन्युअल गिअर. थंड इंजिनावर सेल्फ (स्टार्टर मोटर) पहिल्या फटक्यात घेतो. तास-दीड तास चालवून गाडी बंद केली आणि पाच-दहा मिनिटांत पुन्हा किल्ली फिरवली, की एकच जाड ‘टक्’ येतो आणि इंजिन जागचं हलत नाही. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की परत नेहमीसारखी सुरू. त्या ‘टक्’च्या वेळी हेडलाइट मंद होत नाहीत, जेमतेम लुकलुकतात. बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते. सगळीकडून एकच सल्ला मिळतोय: सेल्फ बदला. मल्टिमीटर आहे आणि तो वापरता येतो. काय मोजलं म्हणजे दोष मोटरमध्येच आहे की नाही हे पक्कं कळेल?

डिझेलवाला

गरम झाल्यावर सेल्फ बसतो म्हणजे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) संपत आलेत किंवा बुश (दांड्याच्या आधाराची बेअरिंग) झिजून आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, पोलला (बाहेरच्या स्थिर चुंबकाला) घासतंय. मोटर उतरवा, कार्बन आणि बुश नवे टाका. पूर्ण सेल्फ बदलायची गरज नाही.

टेस्टलॅम्प

डिझेलवाला, आर्मेचर घासत असतं तर दिवे बरेच मंद झाले असते. धागालेखकाने हेडलाइटचं लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे. हेडलाइट लावून किल्ली फिरवायची, ही सर्वात जुनी आणि फुकटातली चाचणी. त्यात तीन गोष्टी दिसतात.

दिवे पार बसले, तर बॅटरी उतरलीय किंवा बॅटरीच्या टर्मिनलवर लूज कॉन्टॅक्ट आहे. दिवे बरेच मंद झाले आणि इंजिन अडकत-अडकत फिरलं किंवा हललंच नाही, तर मोटर करंट ओढतेय पण फिरू शकत नाही: घासणारं आर्मेचर, जाम इंजिन, किंवा शॉर्ट झालेलं वाइंडिंग. आणि दिवे तसेच राहिले, तर मोटरपर्यंत करंट पोहोचतच नाहीये. इथे तिसरा प्रकार दिसतोय.

रिंगगिअर

त्यात भर. आधी ‘टक्’ कुठून येतो ते ऐका. फ्यूज बॉक्समधला रिले बारीक ‘टिक्’ करतो. सेल्फवरचा सोलेनॉइड (विजेने ओढला जाणारा मोठा स्विच) बेंडिक्स, म्हणजे इंजिनाच्या दातांत अडकणारा दातेरी भाग, पुढे ढकलतो, त्याचा आवाज जाड आणि खालून येतो. नुसता ‘टिक्’ असेल तर सेल्फला हुकूमच मिळत नाहीये. तिथे क्लच पेडलचा स्विच, ऑटोमॅटिकमध्ये पार्क-न्यूट्रल स्विच, इमोबिलायझर, रिले हे बघायचं. जाड ‘टक्’ असेल तर हुकूम निदान काही प्रमाणात तरी पोहोचतोय.

बारा_व्होल्ट

‘काही प्रमाणात’ हेच शब्द कळीचे आहेत. मोजणी अशी करा.

आधी तयारी. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडसर. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. थंडीत (म्हणजे इंजिन थंड असताना) मोजताना ते सुरू होऊ नये म्हणून फ्यूएल पंपाचा रिले काढा. सेल्फपर्यंत हात खालूनच जात असेल तर नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा.

सोलेनॉइडवर तीन जागा दिसतील. एक मोठा बोल्ट, त्यावर बॅटरीची जाड केबल येते, तो ३०. दुसरा मोठा बोल्ट, त्यातून जाड तांब्याची वेणी मोटरच्या पोटात जाते, तो ‘एम’. आणि एक बारीक वायर, बहुतेक पातीच्या क्लिपवर, ती ५०. किल्ली फिरवल्यावर हुकूम येतो तो या ५० वर.

आता किल्ली फिरवलेली धरून (एकजण आत, एकजण मीटरवर) ही वाचनं घ्या:

बॅटरीच्या प्लस खांबापासून ३० च्या बोल्टपर्यंत. इंजिन फिरत असताना ०.५ व्होल्टच्या आत हवं.
बॅटरीच्या मायनस खांबापासून मोटरच्या बॉडीपर्यंत. ०.२, फार तर ०.३.
३० ते ‘एम’, म्हणजे सोलेनॉइडच्या आतल्या तांब्याच्या संपर्कांवरची घट. इंजिन फिरताना ०.२ ते ०.३.
५० ते मोटरची बॉडी. हे सर्वात महत्त्वाचं, आणि हेच कोणी मोजत नाही.
बॅटरीच्या दोन खांबांमध्ये. फिरताना ९.६ च्या खाली जाता कामा नये, चांगली बॅटरी १०.५ च्या आसपास राहते.

मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खांबावरच टेकवा, क्लॅम्पवर नाही. क्लॅम्प आणि खांब यांच्यामध्ये पांढरट-हिरवट थर असतो, दोष तिथेच असेल तर क्लॅम्पवर मोजून तो दिसणार नाही.

आणि हे सगळं गाडी गरम असताना, ‘टक्’ येत असतानाच मोजायचं. थंडीत सगळं ठीक दिसेल.

नवशिका_पाना

बारा_व्होल्ट, फार आभार. अडचण एकच, गरम असताना सायलेन्सरचा पाइप सेल्फच्या अगदी शेजारी असतो, हात घालता येत नाही.

बारा_व्होल्ट

थंड असताना वायरी बांधून ठेवा. ५० च्या क्लिपच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवा, इन्सुलेशन सोलू नका. ‘एम’च्या बोल्टला रिंग टर्मिनल लावा. दोन्ही वायरींना सेल्फजवळच १ अॅम्पिअरचा फ्यूज घाला, म्हणजे वायर पाइपला लागून वितळली तरी आग लागणार नाही. वायरी पाइपपासून लांब बांधून बोनेटच्या कडेने काचेपाशी आणा. मग गाडी चालवा, गरम करा, आणि ‘टक्’ आला की बसल्या जागी वाचा.

पाना_दहा

एवढी उठाठेव कशाला? स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे दोन बोल्ट शॉर्ट करा. फिरला तर मोटर चांगली.

आर्मेचर_वाइंडर

पाना_दहा, हा सल्ला अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळे धोक्याचा आहे. दोन *मोठे* बोल्ट, म्हणजे ३० आणि ‘एम’ जोडलेत तर सोलेनॉइड बाजूला राहतो. मोटर जागच्या जागी गरगर फिरते, बेंडिक्स पुढे जात नाही, इंजिन हलत नाही. वर शेकडो अॅम्पिअरची ठिणगी उडते आणि बोल्टचे आटे जळतात. इंजिन फिरवून बघायचं तर ३० आणि ५० जोडायचे असतात, तेही फ्यूज लावलेल्या वायरने आणि पुश बटणाने. आणि तसं केलं की क्लच स्विच, न्यूट्रल स्विच सगळं ओलांडून सेल्फ लागतो. गाडी गिअरमध्ये असेल तर ती सरळ पुढे येते आणि पुढे उभा असलेला माणूस चिरडतो. ही अतिशयोक्ती नाही.

पाना_दहा

३० आणि ५० म्हणायचं होतं. न्यूट्रलचं लिहायला हवं होतं, मान्य.

कुतूहल

एक प्रश्न. ५० वर पूर्ण व्होल्टेज नसेल तर सोलेनॉइड ‘टक्’ तरी कसा करतो? एक तर ओढेल, नाही तर नाही ना?

आर्मेचर_वाइंडर

चांगला प्रश्न. सोलेनॉइडमध्ये एकावर एक दोन कॉइल असतात. पुल कॉइल जाड तारेची, होल्ड कॉइल बारीक तारेची. दोघींची सुरुवात ५० वर. होल्ड कॉइलचं दुसरं टोक बॉडीला, म्हणजे थेट अर्थला. पुल कॉइलचं दुसरं टोक मात्र ‘एम’ बोल्टला, म्हणजे ती मोटरच्या वाइंडिंगमधून अर्थ होते.

किल्ली फिरवली की दोघी मिळून प्लंजर ओढतात. प्लंजर मागे येतो तसा काटा बेंडिक्सला पुढे ढकलतो, पिनियन (बेंडिक्सचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मोठ्या दातेरी कड्यात, शिरतं. प्लंजर अगदी शेवटपर्यंत गेला की तांब्याची चकती ३० आणि ‘एम’ला जोडते आणि मोटर पूर्ण ताकदीने फिरते. त्या क्षणी पुल कॉइलच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं, तिच्यातला करंट थांबतो. पुढचं काम एकटी होल्ड कॉइल करते.

आता ५० वर व्होल्टेज कमी असेल तर? प्लंजर निघतो, पिनियन रिंगवर आपटतं, ‘टक्’ ऐकू येतो. पण शेवटचे एक-दोन मिलिमीटर राहून जातात. तिथे चकतीमागची स्प्रिंग दाबायला जास्त जोर लागतो. चकती बोल्टला टेकतच नाही. दिवे मंद होत नाहीत, कारण मोटरला मोठा करंट मिळालेलाच नसतो.

यात उष्णता भर घालते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांवरची कॉइल १०० अंशांवर गेली की रोध ३१ टक्क्यांनी वाढतो, करंट पाऊणपट होतो, आणि ओढ करंटच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे साधारण ५८ टक्केच उरते. निरोगी गाडीत एवढी शिल्लक धरलेली असते. पण वायरिंगमध्येच दोन-तीन व्होल्ट खर्च होत असतील तर थंडीत निभावतं आणि गरम झाल्यावर सोलेनॉइड हात टेकतो.

कुतूहल

आता चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं. वाचनखूण साठवली.

हातोडी

टक् आला की सेल्फवर पान्याने दोन ठोके द्यायचे, लगेच घेतो. वर्षानुवर्षं चालत आलेला उपाय आहे.

रिंगगिअर

हातोडी, कशामुळे चालतो ते पण लिहा ना. कार्बन होल्डरमध्ये अडकला असेल किंवा कम्युटेटरवर (आर्मेचरच्या ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर कार्बन टेकतात त्यांवर) मृत जागा असेल तर ठोक्याने कार्बन सरकतो आणि एखाद वेळ भागतं. जुन्या मोटरमध्ये पोलवर तांब्याची फील्ड वाइंडिंग होती, ती ठोके सोसायची. हल्लीच्या बऱ्याच सेल्फमध्ये बॉडीला आतून चुंबक चिकटवलेले असतात आणि पुढे प्लॅनेटरी गिअर असतो. ते चुंबक सिरॅमिकचे, बशीसारखे ठिसूळ. एक ठोका जोरात बसला की कपचा उडतो, आर्मेचर आणि बॉडीच्या फटीत अडकतो, आणि कार्बनचं काम पूर्ण मोटरवर जातं. अगदी अडला हरी असेल तर सोलेनॉइडच्या टोपीवर लाकडाने हलकेच, मोटरच्या नळकांड्यावर कधीच नाही.

हातोडी

चुंबकाचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

मराठी_मेकॅनिकी

थोडं अवांतर. आपण ‘स्टार्टर’ न म्हणता ‘सेल्फ’ म्हणतो, ‘सेल्फ मारा’, ‘सेल्फ घेत नाही’, ते ‘सेल्फ-स्टार्टर’ या जुन्या शब्दातून आलंय. आधी गाडीला पुढून हँडल मारायला लागायचं. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल मारणाऱ्याचं मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि गाडी ‘स्वतःहून’ सुरू व्हायला लागली. बेंडिक्स हा शब्दही तसाच: मुळात एका विशिष्ट रचनेचं नाव. हल्लीच्या सेल्फमध्ये ती रचना नसते, सोलेनॉइड पिनियनला काट्याने ढकलतो, पण आपल्याकडे पिनियन आणि वन-वे क्लच मिळून जो भाग होतो त्याला बेंडिक्सच म्हणतात आणि दुकानात तोच शब्द चालतो.

गाडीवान

मूळ धाग्याला थोडा फाटा. ‘टक्’ एकदा न होता ‘टकटकटकटक’ असं मशिनगनसारखं झालं तर काय समजायचं?

टेस्टलॅम्प

दहापैकी नऊ वेळा बॅटरी किंवा तिचे क्लॅम्प. चकती टेकते, मोटर करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, होल्ड कॉइल प्लंजर धरू शकत नाही, तो सुटतो. सुटला की व्होल्टेज परत वर, पुन्हा ओढ. हेच चक्र. बॅटरी पूर्ण चार्ज असून, किल्ली धरलेली असताना ५० वर व्होल्टेज टिकून असूनही तेच होत असेल तर होल्ड कॉइल तुटलीय.

रिंगगिअर

आवाजांचा विषय निघालाच आहे तर. ‘सुंईई’ करून मोटर फिरते पण इंजिन नाही: वन-वे क्लच घसरतोय किंवा काटा मोडलाय. ‘घर्रर्र’: पिनियन रिंगच्या दातांवर घासतंय. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कम्प्रेशनमुळे ठरावीक दोन जागांवरच थांबतं, त्यामुळे रिंगचे दात समोरासमोरच्या दोन पट्ट्यांत झिजतात. म्हणून कधी ‘घर्रर्र’, कधी नाही. पाचव्या गिअरमध्ये गाडी हातभर ढकलली आणि आवाज गेला तर रिंगच गेलीय, नवं बेंडिक्स टाकून उपयोग नाही, ते पण खराब होईल. आधी सेल्फचे माउंटिंग बोल्ट मात्र तपासा, ते ढिले असले तरी हाच आवाज येतो.

आणि किल्ली सोडल्यावरही सेल्फ फिरतच राहिला तर विचार करत बसू नका, लगेच बॅटरीचा मायनस काढा. चकती बोल्टला चिकटलीय किंवा रिले अडकलाय. मिनिटभरात मोटर जळते.

डिझेलवाला

टेस्टलॅम्प यांचं दिव्यांचं म्हणणं पटलं, इथे आर्मेचर घासत नाहीये. पण कोणी पुढे सेल्फ उघडलाच तर उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

कार्बन नव्याच्या निम्म्यावर आला की बदला, एक नाही, सगळे एकदम. कम्युटेटर काळा पडला असेल तर बारीक काचकागदाने, ४०० नंबरचा चालेल, गोल फिरवत पुसा. एमरी कापड वापरू नका, त्याची पूड वीजवाहक असते, दोन पट्ट्यांच्या खाचेत बसली तर शॉर्ट. खाचेतला अभ्रक तांब्याच्या खाली अर्धा मिलिमीटर तरी असावा, वर आला की कार्बन उड्या मारतो. नवा बुश सच्छिद्र कांस्याचा असतो, बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. नाकाकडचा बुश काही गाड्यांत सेल्फमध्ये नसून गिअरबॉक्सच्या घंटेत (बेल हाउसिंगमध्ये) असतो, तो विसरला जातो.

वन-वे क्लच पेट्रोल-डिझेलमध्ये कधीही धुऊ नका. आतलं ग्रीस निघून जातं आणि ते परत भरता येत नाही. नुसता कोरड्या फडक्याने पुसा. तिरक्या आट्यांवर ग्रीसचा पातळ हात पुरे. थापलंत तर क्लचची धूळ त्यात बसून बेंडिक्स चिकटतं.

नवशिका_पाना

सांगितल्याप्रमाणे वायरी बांधून मोजलं. इंजिन पूर्ण गरम, ‘टक्’ येत असताना, किल्ली धरलेली:

बॅटरी खांब ते खांब: १२.३
बॅटरी प्लस ते ३० चा बोल्ट: ०.०
बॅटरी मायनस ते मोटर बॉडी: ०.०५
‘एम’ ते बॉडी: ०.४
५० ते बॉडी: ८.६

थंड असताना, इंजिन फिरताना ५० वर १०.१ आणि बॅटरी १०.७. म्हणजे थंडीत घट फक्त ०.६ आहे. मग दोष गरम झाल्यावरच तयार होतो का?

आर्मेचर_वाइंडर

थंडीतलं वाचन इथे तुलनेला चालत नाही. इंजिन फिरतंय म्हणजे चकती टेकलीय, पुल कॉइल करंट घेत नाहीये, ५० च्या वायरमधून फक्त होल्ड कॉइलचा करंट जातोय. करंट कमी, म्हणून घटही कमी. ‘टक्’च्या वेळी दोन्ही कॉइल चालू राहतात, करंट कित्येक पट. दोष थंडीतही असतोच, फक्त चकती टेकेपर्यंतच्या त्या क्षणापुरताच दिसतो आणि मीटर तो पकडत नाही.

‘एम’वरचे ०.४ ही चांगली बातमी आहे. पुल कॉइलचा करंट मोटरमधून अर्थला जातोय, म्हणजे कार्बन कम्युटेटरला टेकलेले आहेत. कार्बन सुटलेले असते तर ‘एम’वर ५० इतकंच व्होल्टेज दिसलं असतं.

बारा_व्होल्ट

आणि ५० वर ११.५ च्या पुढे असतं आणि तरीही ‘एम’वर ०.४ राहिलं असतं, तर सोलेनॉइडची चकती जळलीय किंवा प्लंजर अडकतोय असं म्हणता आलं असतं. इथे ३.७ व्होल्ट वाटेतच खर्च होताहेत. मोटरला आणि सोलेनॉइडला हात लावू नका. आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर ठेवून वाटेत पुढे सरका: रिलेचा ३० (रिलेत करंट येतो ती पिन), रिलेचा ८७ (तिथून पुढे जातो ती पिन), मग ५० ची क्लिप. आकडा जिथे उडी मारेल तिथे दोष.

पाना_दहा

त्यापेक्षा बॅटरीवरून थेट एक नवा रिले टाका, जुन्या हुकमाने तो चालवा. पूर्ण १२ व्होल्ट ५० ला मिळतील.

टेस्टलॅम्प

घट किल्लीच्या स्विचमध्ये असती, जुन्या गाडीत सगळा करंट स्विचमधूनच जात असता, तर तुमचा उपाय योग्यच होता. या गाडीत रिले आधीच आहे. दोष शोधल्याशिवाय दुसरा घातला तर खराब जोड तसाच राहतो, आणि तो नव्या वायरच्याही पुढे, क्लिपमध्येच असेल तर फरक शून्य. आधी शोधा.

नवशिका_पाना

सापडलं. गरम असताना: रिलेच्या ३० पर्यंत ०.२, रिलेच्या आत ०.३, आणि रिलेपासून ५० च्या पातीपर्यंत ३.१. क्लिपच्या अलीकडे वायरमध्ये पिन घालून मोजलं तर ३.१ पैकी २.९ एकट्या क्लिपमध्ये. क्लिप काढली तर आतली पाती बाहेरून ठीक, पण ओठ पसरलेले, बोटाने निघून आली. धातू निळसर-काळा, वायरचं इन्सुलेशन दीड-दोन सेंटिमीटर कडक होऊन तडकलेलं.

बारा_व्होल्ट

निळसर रंग म्हणजे ती तापून स्प्रिंग मेलीय. पकडीने दाबून घट्ट करू नका, चार दिवसांत परत पसरेल. वायर मागे चकचकीत तांबं लागेपर्यंत, तीन-चार सेंटिमीटर कापा. काळं तांबं क्रिम्प (पक्कडीने दाबून केलेला जोड) धरत नाही. त्याच मापाची, बहुधा ६.३ मिलिमीटरची, नवी पितळी क्लिप नीट क्रिम्प करा. नुसत्या डागावर (सोल्डरवर) अवलंबून राहू नका, हलत्या इंजिनावर डाग दिलेल्या जागेलगत तारा तुटतात. वायर आखूड पडली तर तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडा, बारीक नको. वर उष्णतेने आवळणारी नळी, आणि वायर पाइपपासून लांब बांधा. सोलेनॉइडकडची नर पाती काचकागदाने साफ करायला विसरू नका. आणि हे करण्याआधी बॅटरीचा मायनस काढा, ३० चा बोल्ट कायम जिवंत असतो.

नवशिका_पाना

क्लिप बदलली, पाती साफ केली. तीन वेळा पूर्ण गरम करून, दहा मिनिटं थांबवून सुरू केली, तिन्ही वेळा पहिल्या फटक्यात. चकती टेकण्याआधीचं वाचन आता मीटरवर पकडता येत नाही, पण फिरताना ५० वरची घट ०.६ ची ०.३ झालीय.

आर्मेचर_वाइंडर

उत्तम. ०.३ एवढी असायचीच. महिन्याभराने क्लिप एकदा हाताने ओढून बघा, आणि तेव्हाच इंजिन ते बॉडी ही अर्थची पट्टी पण बघून घ्या. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झालेल्या गाडीत ती परत लावायची राहते, आणि मग सेल्फचा करंट क्लचच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते.

नवशिका_पाना

आत्ताच बघितली. आहे, पण बोल्टखाली रंग आणि गंज आहे. उद्या घासून घट्ट करतो.